दार कोनीकडे करू?

मी एक तंबू बोलतोय. निदान लोक तरी मला तंबू म्हणतात. मला स्वतःला विचाराल, तर आपण नक्की कोण आणि कशासाठी, याचा माझा अजून गोंधळच आहे. इतकी वर्षं झाली, अंगावर जागोजागी ठिगळं आली, तरी तो काही सुटला नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. जाड कापड, कडेला पितळी कड्या, मधोमध एकच खांब. पोटावर काळ्या शाईनं एक मोठा आकडा छापला होता. तो कशाचा, हे कुणी सांगितलं नाही. मी लढाईवर जाणार, एवढं आजूबाजूच्या तंबूंकडून कळलं होतं. मी घडी होऊन वाट पाहत बसलो आणि तेवढ्यात लढाईच संपली. मग जुन्या लष्करी सामानाचा लिलाव झाला, तिथून मी एका घोड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. लढाईसाठी जन्मलो आणि घोड्यांच्या लिदीजवळ उभा राहिलो. हे माझं पहिलं कोडं.

तो व्यापारी दर मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत मला तापीकाठी उभा करी. तिथं तंबू ठोकायची एक ठरलेली रीत होती. पाठ नदीकडे, दार जनावरांकडे. यात्रेत जनावर चोरीला जायची धास्ती असते, म्हणून झोपल्या जागेवरून आपला घोडा, आपला बैल नजरेसमोर हवा. शिवाय नदीवरचा गार वारा पाठीवर अडतो. त्यामुळे वर्षानुवर्षं मी तापीच्या काठावर राहिलो, पण दारातून तापी कधी पाहिली नाही. दाराचा कपडा बाजूला झाला की समोर घोड्यांचे पाय. मला वाटायचं, जगात दाराबाहेर एवढंच असतं.

चोपन्न सालच्या यात्रेत कोरीटचे रतिलाल पाटील घोडी बघायला आले. बरोबर त्यांची आई दगूबाई होती. घोडीचं काही जमेना. दात बघून झाले, चाल बघून झाली, रतिलालचं मन भरेना. तोवर दगूबाई येऊन माझ्या सावलीत टेकली. माझं कापड तिनं दोन बोटांत चोळून पाहिलं, खांबाला हात लावला आणि मुलाला हाक मारली.

"रत्या, घोडी ऱ्हाऊ दे. हाऊ तंबू लई ले."

"तंबू? तो कसाले, माय?"

"घोडीवर मी काय बठसू? तंबूमा बशीसन माले तोरणमाळना तलाव देखना शे. तुन्हा बाप दर साल सांगे, पुढला साल तुले लई जासू. सांगता सांगता गया बिचारा."

रतिलालचे वडील गिरधर पाटील गवताच्या ठेक्यासाठी दर हिवाळ्यात सातपुड्यात चढत. परत आले की बायकोला वरच्या तळ्याचं वर्णन करून सांगत. सकाळी पाण्यावर धुकं कसं बसतं, ते उठलं की पलीकडचा डोंगर पाण्यात कसा उलटा दिसतो. दगूबाईनं भाकरी थापता थापता ते सगळं वीस वर्षं ऐकलं होतं. गिरधर पाटील तापानं घरीच गेले आणि ते तळं तेवढं तिच्या कानात राहिलं.

रतिलाल आईचा शब्द खाली पडू देणारा नव्हता. घोडी घ्यायला गेलेला माणूस तंबू घेऊन घरी आला, म्हणून गावात महिनाभर चेष्टा झाली. मी मात्र फुलून गेलो. आता कुठे कळलं, मी कशासाठी जन्मलो ते! मला डोंगरावर तळं बघायला जायचं होतं.

"ह्याच पौषमा जाऊत, माय," रतिलाल म्हणाला.

पौष निवडण्यामागे अक्कल होती. पौषात लग्नकार्य नसतं, म्हणजे कुणाचं बोलावणं येणार नाही आणि कुणी रुसणार नाही. बाकी वर्षभर या घराला सोयरेधायरे श्वास घेऊ देत नसत.

पण माणसं बेत कसे करतात, हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

रतिलालचा धाकटा भाऊ हिलाल नंदुरबारला कचेरीत कारकून होता. बेत आखायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. "कागदवर लिखेल नही ते काम व्हत नही, दादा," असं म्हणून तो ओसरीवर बैठक मारी आणि यादी लिही. कंदील, दोर, घोंगड्या, तांदूळ, तुरीची डाळ, मिरच्यांचा ठेचा, बैलांची पेंड, सर्दीचा काढा. यादी वाचून झाली की घरातलं कुणीतरी आणखी एक वस्तू सांगे, मग तो सगळी यादी नव्यानं उतरवून काढी. त्याचं अक्षर फार सुंदर होतं. त्या पौषात यादी पूर्ण झाली आणि पौष संपला.

दुसऱ्या वर्षी कापूस वेचायला आला. तिसऱ्या वर्षी रतिलालची बायको बेबीबाई बाळंत झाली. चौथ्या वर्षी हिलालच्या मनात आलं की म्हाताऱ्या माणसाला थंडीत तंबूत झोपवणं बरं नव्हे. वर जंगल खात्याचा दोन खोल्यांचा लाकडी बंगला आहे, त्याच्या पडवीतून थेट तळं दिसतं, तर बायका बंगल्यात आणि पुरुष तंबूत अशी सोय करू. सगळ्यांना ते पटलं. त्यासाठी परवानगीचा अर्ज करायचा होता आणि अर्जाचा मसुदाच दोन वर्षं चालला.

दरम्यान माझं काय झालं? माझ्यावर मिरच्या वाळल्या. माझ्याखाली कापसाचे ढीग राहिले. गावातल्या चार लग्नांत मी आचाऱ्याच्या चुलीवर धूर खात उभा होतो. दर वर्षी दिवाळी झाली की मला अंगणात पसरून ऊन दाखवत, "औंदा जावानंच" असं म्हणत, आणि होळीच्या सुमाराला पुन्हा घडी करून माळ्यावर टाकत. मला कळेना, जायचं नसेल तर ऊन कशाला दाखवता? आणि जायचं असेल तर घडी कशाला करता? माणसांना खोटं बोलायचं नसतं, हे मी पाहत होतो. रतिलाल म्हणायचा तेव्हा अगदी मनापासून म्हणायचा. तरी पाऊल काही उचललं जात नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्याइतकी कुणी पाहिली नसेल. ऊन दाखवायला मला पसरलं की माझे उसवलेले टाके दगूबाई स्वतः घाली. पहिल्या वर्षी तिनं एका झटक्यात सुईत दोरा ओवला. तिसऱ्या वर्षी बेबीबाईला हाक मारून ओवून घेतला. पाचव्या वर्षी ती टाका डोळ्यांनी न शोधता बोटांनी चाचपायला लागली आणि भलतीकडेच शिवून बसली. माझ्या पुढच्या बाजूला अजून तो आडवातिडवा टाका आहे. मला तो कधी टोचला नाही.

साठ साली पाऊस संपता संपता रतिलाल तिला नंदुरबारला डॉक्टरकडे घेऊन गेला. परत आल्यावर तो अंगणात माझ्याजवळच उभा राहून बेबीबाईशी बोलला, म्हणून मला कळलं. हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. एक डोळा गेल्यातच जमा. दुसऱ्याला थोडा उजेड आहे, तोही फार दिवस टिकणार नाही, चष्मा नाही की कापणं नाही.

"आते यादी पुरे," बेबीबाई म्हणाली. "आते जावानं."

त्या घरात बेबीबाई मोठ्यानं बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्याच आठवड्यात हिलालनं अर्ज टाकला, पौष शुद्ध नवमीपासून चार दिवस. शिक्क्याचा मंजुरीचा कागदही आला. तो कागद हिलालनं इतका जपला की उघडून पुन्हा वाचलाच नाही.

मुलांना मामाकडे ठेवून चौघंजण निघाली. दोन पांढरे बैल, एक गाडी, गाडीत मी, आणि माझ्या घडीवर गादी टाकून बसलेली दगूबाई. तापी ओलांडली, प्रकाशा, शहादा, म्हसावद मागं पडलं. मग चढ लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा चढ पाहिला. गाडी मागं कलंडते आहे असं वाटून मी घाबरलो, पण दगूबाई खुशीत होती. प्रत्येक वळणावर ती तळं आलं का म्हणून विचारी, "उना का तलाव?" आणि रतिलाल म्हणे, "उना, माय. आते उना."

तिसऱ्या दिवशी दुपारी वर पोहोचलो. हवा इतकी गार की माझं कापडच ताठ झालं. हिलाल कागद घेऊन ऐटीत बंगल्याकडे गेला आणि थोड्या वेळानं पडेल चेहऱ्यानं परत आला. मागोमाग तिथला राखणदार आला. तो कचेरीच्या भाषेत, पण मायेनं बोलला.

"तुमची तारीख अजून अकरा दिवसांनी आहे, भाऊ. आज आत दुसरी मंडळी आहेत."

घोळ असा झाला होता. घरात खुंटीवर दोन पंचांगं टांगलेली होती, यंदाचं वर आणि मागल्या सालचं खाली. अर्ज लिहिताना हिलालच्या हाताला खालचं लागलं. नवमी बरोबर होती, पण तिच्यासमोरची तारीख मागल्या वर्षाची होती. सहा वर्षांच्या याद्यांत मिठाचा खडासुद्धा सुटला नव्हता आणि सुटला तो दिवसच. हिलाल गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला. मला त्याच्यावर रागवावं की त्याची कीव करावी, ते समजेना.

अकरा दिवस थांबणं शक्य नव्हतं, गव्हाला पाणी द्यायचं खोळंबलं होतं. परत फिरणं रतिलालला शक्य नव्हतं. म्हणजे आता दगूबाईचा बंगला मीच!

तळ्याच्या काठाशी थोडी सपाट जागा बघून त्यांनी मला उतरवलं. पण खुंट्या जमिनीत जाईनात. रतिलालनं घरून बाभळीच्या खुंट्या तासून आणल्या होत्या. कोरीटच्या काळ्या मातीत त्या दोन घावांत खुपसतात. इथं खाली सगळा खडक. एक मोडली, दुसरी मोडली, चौथीनं त्याचा अंगठा ठेचला. तळ्यावर गुरं घेऊन आलेला उखा नावाचा डोंगरातला म्हातारा बराच वेळ हे बघत उभा होता. त्याची बोली वेगळी होती, पण यांच्यासाठी त्यानं दोनच शब्द जुळवले.

"खुटा नही. धोंडा."

आणि त्यानं मांडीएवढा एक दगड लोटत आणून माझा दोर त्याला गुंडाळून दाखवला. मग संध्याकाळपर्यंत रतिलाल, हिलाल आणि उखा धोंडे वाहत राहिले. दिवस मावळायच्या बेताला मी उभा राहिलो. इतक्या दमणुकीत माणूस विचार करत नाही, हात करतात. त्यानं सारंगखेड्याला जे वर्षानुवर्षं पाहिलं होतं, तेच त्याच्या हातांनी केलं. पाठ पाण्याकडे, दार बैलांकडे.

आणि कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही, कारण माझ्या मते तंबू असाच उभा करतात.

सकाळी बेबीबाईनं दाराचा कपडा बाजूला केला. बाहेर दाट धुकं होतं. दगूबाई घोंगडी पांघरून दारात बसली, मान पुढं काढून बघत राहिली. समोर दोन पांढरे बैल शेजारी शेजारी बसले होते, धुक्यात त्यांच्या नुसत्या पाठी उजळत होत्या.

"दखायना, दखायना!" दिसलं, दिसलं, असं ती आनंदानं म्हणाली. "कितलं धवळं पानी शे रे, रत्या!"

रतिलाल धावत आला. आईचा चेहरा पाहून त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं आई बघत होती तिकडे पाहिलं आणि तो जागच्या जागी थिजला.

बेबीबाई त्याला माझ्यामागे घेऊन गेली. ती दोघं माझ्या पाठीला चिकटून हळू आवाजात बोलत होती, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"तलाव मांगे शे. माय बैलसकडे दखी ऱ्हायनी."

"ऱ्हाऊ दे," रतिलाल म्हणाला. "तिले आनंद व्हयना ना? आते त्या धोंडा कोन हलावी?"

"आनंद व्हयना. पन तलाव नही दखायना."

माझा नुसता गोंधळ उडाला. म्हातारी खूश होती, मुलगा दमला होता, तळं माझ्या पाठीशी दहा पावलांवर होतं. कुणाचं बरोबर? खोटं तळं पाहून माणूस खूश असेल तर त्याला खरं दाखवावं की नाही?

बेबीबाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. तिनं पदर खोचला, पहिल्या धोंड्याशी गेली आणि त्याला खांदा लावला. धोंडा हलेना. ती ढकलत राहिली. ते पाहून हिलाल उठला, काल दुपारपासून तो पहिल्यांदाच स्वतःहून उठला होता. तेवढ्यात गुरं घेऊन उखा आला. काल संध्याकाळपर्यंत बसवलेले धोंडे आज ही माणसं उपसताहेत हे बघून त्यानं कपाळावर हात मारला, पण काठी टाकून तोही लागला. मग रतिलालनं अंगठ्याला बांधलेली चिंधी दातांनी घट्ट केली आणि येऊन माझा खांब धरला.

त्यांनी मला खाली पाडलं नाही. खांब धरून ठेवला, आणि एकेक धोंडा, एकेक दोर सरकवत मला फिरवलं, मधोमध दगूबाईला बसवून. मी घाण्याच्या बैलासारखा तिच्याभोवती फिरलो.

"काय चाली ऱ्हायनं रे?" तिनं विचारलं.

"माय, दार चुकनं," रतिलाल खांबाआडून म्हणाला. "तू देखं ते पानी नही. त्या बैल शेतस."

दगूबाई हसली.

"माले ठाऊक शे. जनम गया गोठामा, बैलना वास माले येत नही का? काल तू दिनभर धोंडा उचली उचली दमी गयथा. म्हनीसन म्हनी टाकं, दखायना."

रतिलाल तिथेच खाली बसला. खांब उखानं धावत येऊन धरला.

दार फिरलं. धुकं तोवर उठायला लागलं होतं. आणि मी, ज्यानं इतकी वर्षं नदीकाठी काढली, त्या दिवशी पहिल्यांदा दारातून पाणी पाहिलं. पलीकडचा डोंगर त्यात उलटा होता. गिरधर पाटलांनी अगदी खरं सांगितलं होतं.

दगूबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. ऊन वर आलं, घोंगडी खांद्यावरून घसरली, तिला भान नव्हतं. बऱ्याच वेळानं रतिलालनं भीत भीत विचारलं, "माय, दखायना का?"

तिनं मान वळवली नाही.

"बैलसले पानी दिधं का रे?" ती म्हणाली.

तिला तळं दिसलं की नाही, ते मला आजही माहीत नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. खोटं होतं तेव्हा ती लगेच "दखायना" म्हणाली. या वेळी म्हणाली नाही, म्हणजे दिसलं असेल का? की त्या डोळ्यापर्यंत नुसता उजेडच पोहोचला? कोरीटला परतल्यावर आयाबायांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की डोंगर पाण्यात उलटा होता. पण ते तर तिला वीस वर्षांपासून पाठ होतं. काही कळत नाही. त्या हिवाळ्यानंतर तिचा उरलेला उजेडही गेला.

पुढच्या मार्गशीर्षात आम्ही सारंगखेड्याला गेलो. तापीच्या काठी रतिलालनं मला पसरलं, बाभळीची खुंटी हातात घेतली, ती बैलांच्या बाजूला टेकवली आणि एकदम थांबला. गाडीत बसलेल्या आईकडे वळून त्यानं विचारलं, "माय, दार कोनीकडे करू?"

"नदीकडे," ती म्हणाली. दिसत तर तिला काहीच नव्हतं.

सगळ्या यात्रेत एकट्या माझंच दार नदीकडे होतं. लोक हसले. बैलांची राखण करायला हिलाल रोज बाहेर थंडीत झोपला आणि त्यानं एकदाही कुरकुर केली नाही. तापी रुंद आहे, हे मला त्या वर्षी समजलं.

दगूबाई चौसष्ट साली गेली. आता एकोणसत्तर चाललंय. माझं अर्धं कापड गाडीच्या झाकणासाठी कापून नेलंय, उरलेल्यावर उंदरांनी हात साफ केलाय. लढाई नाही, घोडे नाहीत, डोंगर तर नाहीच. वर्षातून एकदा तेवढा मी यात्रेला जातो, तोही लहानसा होऊन. किती वर्षं जाईन, सांगता येत नाही.

जायच्या आधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्हीही कधी कुणाला घेऊन डोंगरावर, पाण्याकाठी जाल. याद्या हव्या तेवढ्या करा, पंचांग मात्र यंदाचं बघा. आणि तंबू ठोकताना हात सवयीनं चालायला लागले, तर ते घटकाभर थांबवा आणि जिच्यासाठी आलात, तिला विचारा.

रतिलाल अजून विचारतो. मला पसरून झालं की खुंटी हातात धरून तो रिकाम्या गाडीकडे वळतो. "माय, दार कोनीकडे करू?" असं म्हणतो, आणि थोडा वेळ थांबतो. मग माझं दार नदीकडे करतो.